साल आणि गर

वापरलेली जेटबोट घेणाऱ्याला एकच प्रश्न सुचतो : "कुठल्या सालचं मॉडेल?" अमेरिकेतला आमचा भाचा याच पंथातला. एक बोट २०१४ ची, दुसरी २०१८ ची. स्वारी धाकटीवर फिदा! अहो, साल केळ्यालाही असते, खायचा असतो गर.

तिकडे बोटीवर बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. शेवटचे दोन आकडे मॉडेलच्या सालाचे. पण पत्रिकेत जन्मसाल असतं, स्वभाव नसतो! स्वभाव सांगतं तासांचं मीटर. इंजिन किती तास फिरलं, नि कुठल्या पाण्यात? खाऱ्या पाण्यात राबून कधी आतून न धुतलेल्या धाकटीपेक्षा गोड्या तळ्यातली थोरली केव्हाही बरी.

शिवाय ही बोट पोटातल्या पंख्यानं पाणी ओढून मागे फेकते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननं १९५० च्या दशकात उथळ नद्यांसाठी ती घडवली. उथळ पाण्यातून वाळू-खडेही आत जातात, पाती झिजतात, भोवतालच्या कड्याशी फट वाढते. मग इंजिन नुसतं बोंबलतं, बोट रेंगाळते. तेव्हा बोट घेण्याआधी पात्यांवरून बोट फिरवा. इंजिन बंद करून हं! नाहीतर बोट येईल नि बोट जाईल.

भर तळ्यात बंद पडलेली बोट ढकलायला बायकोमुलांना खाली उतरवता येत नाही. विकणारा साल ठळक सांगतो, तास पुटपुटतो. घेणाऱ्यानं कान पुटपुटण्याकडे द्यावा.