हृदयाची सीटी : मशीन आलं, पण ठोक्यांचं काय?

छातीत अधूनमधून दुखतं म्हणून डॉक्टर ‘सीटी अँजिओ’ लिहून देतात. घरचे गाडी करून शहर गाठतात. तिथे ऐकायला मिळतं, “ठोके जास्त आहेत, थांबावं लागेल.” कधी चित्र धूसर येतं आणि पुन्हा खेप पडते. दोष दरवेळी मशीनचाच असतो असं नाही.

हात-पाय स्थिर ठेवता येतात, श्वास रोखता येतो. हृदय थांबवता येत नाही. पळत्या बैलाचा मोबाईलवर फोटो काढला की तो हलतो, तसंच इथं होतं. म्हणून छातीवर ईसीजीच्या वायरी लावून मशीन ठोक्यांशी जोडतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं. तोच क्षण साधून चित्र घेतात. किरणं तेवढ्याच वेळेपुरती सोडली तर शरीरात जाणारी मात्राही कमी होते.

मिनिटाला 60 ठोके असतील तर एका ठोक्याला 1 सेकंद मिळतो. 100 झाले की 0.6 सेकंद. त्यातही जास्त कापला जातो तो विसाव्याचाच वेळ. म्हणून ठोके 60-65 च्या आसपास आणायला आधी गोळी देतात. ठोके अनियमित असतील तर चित्र बिघडण्याची शक्यता वाढते.

आता प्रश्न सोयीचा. गावाजवळ सीटी मशीन आलं, चांगलंच झालं. पण डोक्याच्या माराला चालणारं प्रत्येक मशीन हृदयाला चालत नाही. त्यासाठी साधारण 64 स्लाइस किंवा त्यापुढचं मशीन, ईसीजीची जोडणी आणि सराव असलेली माणसं लागतात. फीत कापताना पुढाऱ्यांना हे विचारायलाच हवं.

निघण्याआधी केंद्रावर फोन करा. इथे हृदयाची सीटी होते का? ठोके कमी करायची गोळी कधी घ्यायची? त्या दिवशी चहा-कॉफी टाळा. दमा, किडनीचा त्रास, औषधाची अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या हे सगळं आधीच सांगा. मनाने गोळी घेऊ नका, बंदही करू नका.

आणि छातीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, तर सीटीची वाट बघू नका. 108 ला फोन करा.