नाणेघाटाच्या अलीकडे

जकातीची नाणी टाकण्यासाठी होता म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण ज्या नाणेघाटात आजही उभा आहे, त्या घाटाच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उतरवून आलेला शेतकरी चहाच्या टपरीवरील ठिपक्यांच्या चौकोनापुढे मोबाईल धरतो, आणि दहा रुपये जमा झाल्याची वर्दी गल्ल्यावरची डबी खणखणीत आवाजात देते. टाळेबंदीतल्या एप्रिल २०२० मध्ये यूपीआयचे देशभरातील व्यवहार शंभर कोटींच्या आत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी महिन्याला हजार कोटींचा टप्पा ओलांडला. शेजारी बांगलादेशात बिकॅश या सेवेने साध्या फोनवर हेच कार्य २०११ मध्येच आरंभिले होते, हे आपल्या अभिमानाच्या भरात सहसा कोणी सांगत नाही. पाकिस्तानने २०२१ मध्ये ‘रास्त’ ही तशीच प्रणाली सुरू केली. भूतानने त्याच वर्षी, श्रीलंकेने २०२४ मध्ये आपल्या यूपीआयला दार उघडले.

परंतु देशादेशांची तुलना मांडणाऱ्यांच्या दप्तरात मंचर आणि आहुपे यांतील अंतराची नोंद नसते: तालुका एकच, आंबेगाव, पण मंचरच्या पेठेत खिशात रोकड नसली तरी अडत नाही, आणि पश्चिमेच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्यांच्या कित्येक वाड्यांत रेंजसाठी टेकाड चढावे लागते. तिकडच्या वाचकांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. पत्र टपालाने आले तरी चालेल.