संजाणचा मधुमति सुगतिप

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनावरून समुद्राकडे गेलें म्हणजे तारापूर लागतें, आणि त्याला लागूनच चिंचणी. या चिंचणीस १९५५ सालीं कांहीं जुने ताम्रपट हातीं आले. लिपिशास्त्रज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले, आणि हजार वर्षें ज्याचें नांव कोणाच्या ओठीं नव्हतें असा एक अधिपति पुन्हां उजेडांत आला. त्याचा अल्प परिचय वाचकांस करून देण्याचें या महिन्यांत योजिलें आहे.

त्याचा पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. त्या काळीं मान्यखेटाच्या गादीवर राष्ट्रकूट तिसरा इंद्र होता. त्याचा आजा दुसरा कृष्ण यानें संयान-मंडळाचा कारभार ‘ताजिक’ मधुमति याच्या हातीं दिला, असें पट सांगतो. संयान म्हणजे डहाणूच्या उत्तरेचें, आज गुजरातेंत असलेलें संजाण. मधुमतीच्या बापाचें नांव सहियारहार, आणि त्याचें स्वतःचें दुसरें नांव सुगतिप.

नांवें ऐकून कोणी या गृहस्थास एखादा दाक्षिणात्य पंडित समजेल! परंतु ‘ताजिक’ शब्दानें सारा उलगडा होतो. वर्षफळ मांडणाऱ्या ज्योतिषांच्या तोंडीं ताजिक-शास्त्राचें नांव वाचकांनीं ऐकिलें असेल. तोच हा शब्द. संस्कृत लेखांत ताजिक म्हणजे अरब. तेव्हां मधुमति म्हणजे मुहंमद. आणि सहियारहार या नांवांत शहरियार या इराणी नांवाचा ध्वनि स्पष्ट ऐकूं येतो. परक्याचें नांव आपल्या जिभेला सोसेल असें वळवून घेण्याची आपली खोड जुनीच आहे.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नवसारीस सांपडलेल्या इ. स. ७३९ च्या ताम्रपटांत चालुक्य पुलकेशीनें ताजिकांच्या सैन्याचा पराभव केल्याची प्रौढी आहे. त्यानंतर दोनशें वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच त्याच किनाऱ्यावर एक ताजिक दक्षिणेच्या सम्राटाचा विश्वासू अधिकारी होऊन बसला! याचें कारण समुद्रांत शोधिलें पाहिजे. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला होता. तेथें दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे, आणि ‘बल्हरा’ राजा त्यांस मानानें वागवितो असेंही म्हटलें आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, हें राष्ट्रकूटांचें बिरुद. बंदरें ज्यांच्या गलबतांनीं गजबजत, त्यांच्यांतीलच एकाला बंदरावर नेमणें हा चतुर राजाचा व्यवहार होय. मधुमतीनेंही आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून तेथें धन्याच्या वतीनें आपले अधिकारी बसविले, असें पट म्हणतो.

परंतु पराक्रमापेक्षां पटांतील साधा मजकूर अधिक बोलका आहे. त्यानें दोन प्रवाहांवर वाटसरूंकरितां विनामूल्य नावा ठेविल्या. संजाणांत अन्नसत्र घातलें. तेथें भात, कालवणें आणि तूप फुकट मिळे. तेथें एका ब्राह्मणानें भगवतीची मठिका बांधविली होती. तिच्या नैवेद्यासाठीं, डागडुजीसाठीं आणि पंचगौडीय महापर्षदेंतील नऊ जणांच्या भोजनासाठीं मधुमतीनें इंद्राच्या संमतीनें कोलिमहार विषयांतील काणाडुक हा गांव आणि देवीहार गांवांतील कांहीं जमीन दिली. देवी एकाची, अन्न दुसऱ्याचें, आणि दानपत्र तिसऱ्याच्या संमतीचें. तरी पंक्तीला अडचण पडली नाहीं.

याच संजाणच्या आणखी एका राजाचें नांव सर्वतोमुखीं आहे. पारशांस आश्रय देणारा जादी राणा १५९९ च्या ‘किस्सा-इ-संजाण’ या काव्यामुळें घरोघर ठाऊक. पण त्याच्या नांवाचा एकही लेख नाहीं. त्याची आठवण आहे, पुरावा नाहीं. मधुमतीचा पुरावा आहे, आठवण नाहीं. त्याच्याविषयीं जें कांहीं सांगतां येतें तें बहुतेक या एका पटावरून. त्याचा जन्म, मृत्यु, वंश सारें काळानें पुसून टाकिलें.

त्याचें कार्य मात्र लगेच पुसलें गेलें नाहीं. शके ९५६ मध्यें, म्हणजे इ. स. १०३४ त, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज यानें त्याच मठिकेस एक तेलाचा घाणा दिल्याचा पट चिंचणीसच मिळाला आहे. देवीपुढील दिवा आणि विद्वान् ब्राह्मणांच्या पायांस लावावयाचें तेल एवढ्यासाठीं तो घाणा होता. म्हणजे शंभर वर्षांनंतरही त्या मठिकेंत दिवा तेवत होता.

आपल्या घरांतून माळ्यावर जुनीं दप्तरें, सनदा, क्वचित् तांब्याचे पत्रेही पडलेले असतात. वाचतां येत नाहीं म्हणून ते मोडीच्या भावानें विकण्यापूर्वीं जाणत्याच्या नजरेखालून घालावे. आणि जमिनींत कांहीं पुरलेलें सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळवावें. चिंचणीचे पट भट्टींत गेले असते, तर फुकट नावा चालविणारा आणि पाहुण्यांच्या भातावर तूप वाढणारा हा मधुमति दुसऱ्यांदा, आणि कायमचा, मेला असता.