गायकाची बिदागी

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ज्या वहीत लिहिला जातो, ती वही कोणीतरी एकदा इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचून पाहावी. मंडपाचे भाडे ठरलेले असते. रोषणाईचे ठरलेले असते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचे पैसे तर आगाऊ मोजलेले असतात. गायकाच्या नावापुढचा रकाना मात्र बहुधा सर्वांत शेवटी भरला जातो, आणि तोही उरलेल्या रकमेतून. समाज व्यासपीठावरून काय बोलतो यापेक्षा तो पैसा कशावर खर्च करतो यातून त्याची खरी मूल्ये कळतात, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. तोच नियम आपल्यालाही लावून पाहण्यास ही स्मरणिका योग्य जागा आहे असे वाटते. कारण आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज गाण्यावर पोट भरण्याचा प्रयत्न करीत आहेत.

अलीकडे ‘स्वतंत्र संगीतकार’ हा शब्द वर्तमानपत्रांतून वारंवार वाचायला मिळतो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतः गाणे रचणारा, स्वतः मुद्रित करणारा आणि स्वतःच लोकांपर्यंत नेणारा कलावंत, असा त्याचा अर्थ. ही जणू इंटरनेटच्या युगाची देणगी आहे अशा थाटात त्याविषयी लिहिले जाते. ज्यांच्या घरात आंबेडकरी गाण्याची परंपरा आहे त्यांना याचे हसू यावे. कंपनीने उंबरठ्यावर उभे केले नाही म्हणून आपले गायक थांबले असते, तर खेडोपाडी बाबासाहेबांचा विचार पोहोचायला आणखी किती वर्षे लागली असती?

सत्यशोधकी जलशांच्या वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक परिसरातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी हे त्यांतील ठळक नाव. ढोलकी, डफ, तुणतुणे, दोनचार कोरसवाले आणि पायाखालची वाट एवढेच त्यांचे भांडवल होते. गण, संवाद, फार्स आणि गीते यांतून अस्पृश्यता, अंधश्रद्धा आणि शिक्षण हे विषय ते रात्र रात्र रंगवीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी जलसा हेच वर्तमानपत्र होते. त्याच काळात आपल्या देशात ग्रामोफोनचा धंदा जोरात होता. परंतु तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि ज्याच्या घरी यंत्र आहे त्याच्या आवडीचेच गाणे त्यावर मुद्रित होत असे. यंत्र कोणाच्या घरी होते हे सांगायला नको. महारवाड्यात रात्रभर चालणारा जलसा त्या तबकडीतही मावत नव्हता आणि त्या बाजारातही. म्हणजे आपले कलावंत स्वतंत्र झाले ते हौसेने नव्हे. त्यांच्यापुढे दुसरा दरवाजाच नव्हता.

या परंपरेचा सर्वांत मोठा वारस म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्म. मुंबईत आल्यावर, मोठेपणी अक्षरओळख. १९४३ पासून त्यांनी गीते रचायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत हजारो गीते रचली. गावोगाव फिरून, मिळेल त्या बिदागीवर, कधी नुसत्या जेवणावर त्यांनी कार्यक्रम केले. आज महाराष्ट्रातले क्वचितच एखादे भीमनगर असेल जिथे त्यांचे गाणे झाले नाही. मात्र त्या गाण्याच्या कर्त्याचे नाव किती तरुणांना सांगता येईल?

येथे एक बारकावा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. वामनदादा आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफीत असत. ही संतकवींपासून चालत आलेली नाममुद्रेची रीत. छापखाना नव्हता, नोंदणी नव्हती, वकील नव्हता. तेव्हा गाण्याच्या मालकीचा शिक्का गाण्यातच मारून ठेवायची ही युक्ती होती. गाणे तोंडोतोंडी कोठेही जावो, नाव त्याच्याबरोबर जाई. आता कार्यक्रमात वेळ कमी म्हणून दोन कडवी गाऊन गाणे आवरतात. गळते ते नेमके शेवटचे कडवे, आणि त्याच्याबरोबर कवीही गळतो. कोणाचा वाईट हेतू नसतो. पण परिणाम तोच.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेट आली आणि चित्र पालटले. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी टेपरेकॉर्डर आणले, पुढे ते इथेही स्वस्त झाले. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. लहान लहान कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पंढरीच्या वाटेवरही ऐकू येई आणि भीमजयंतीच्या मंडपातही. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. सहा डिसेंबरला दादरहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत एक पुस्तक आणि एक कॅसेट असे, हे दृश्य आमच्या पिढीने पाहिले आहे. कॅसेटने शेकडो गायकांना प्रथमच आपला आवाज विकत घेणारा ग्राहक दिला, हे तिचे श्रेय आम्ही मान्य करतो.

पण तिने एक वाईट खोडही लावली. ती म्हणजे एकरकमी व्यवहार. गायक मुंबईला किंवा पुण्याला जाई, एका दिवसात आठ-दहा गाणी मुद्रित करी, हातात पडेल ती रक्कम घेई आणि समोर आलेल्या कागदावर सही करी. कॅसेट किती खपल्या हे त्याला कळण्याचा मार्ग नसे. गीतकाराला त्याहून कमी मिळे, वादकांना तर फक्त दिवसाची मजुरी. कंपनी लहान असली म्हणजे व्यवहार न्यायाचा होतो असे नाही. सावकार गावातला असला तरी व्याज तेच लावतो.

आता कॅसेटही गेली. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांचा आवाज मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत गेला आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या कचेरीत त्यांना ताटकळावे लागले नाही. जालंधरची गिन्नी माही ही संत रविदास आणि बाबासाहेब यांच्यावरील गाणी पंजाबी पॉपच्या ठेक्यात गाते. विशीत पोहोचण्यापूर्वीच तिचे नाव यूट्यूबमुळे देशभर झाले. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गानसमूह दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने लोकांसमोर आला आणि त्याने गाना या वस्तीतल्या गाण्याला रॅप आणि रॉकची जोड देऊन जातीविरुद्ध आवाज उठवला. हे सारे अभिमानास्पद आहे. आपली मुले हे पाहतात आणि त्यांना वाटते, आता वाट मोकळी झाली.

वाट मोकळी झाली आहे. मात्र टोलनाका नवा आहे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी किमान एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. ती पूर्ण झाली तर जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के गाणाऱ्याकडे येतात. हे ऐकायला बरे वाटते, पण आपल्या गायकांची खरी अडचण वेगळीच आहे. भीमगीतांचा मोठा भाग चित्रपटगीतांच्या चालीवर रचला गेला. जलशाच्या आणि कव्वालीच्या काळात हे शहाणपणाचे होते. चाल लोकांच्या ओठांवर असे, शब्द तेवढे नवे शिकवायचे असत. आज मात्र तेच गाणे यूट्यूबवर चढवले की यंत्र चाल ओळखू शकते, चित्रपट कंपनीचा दावा लागू शकतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. शब्द आपले, आवाज आपला, श्रोता आपला आणि गल्ला दुसऱ्याचा. त्यातही गंमत अशी की त्या चित्रपटांतल्या कितीतरी चाली मुळात आपल्याच वस्त्यांतून, तमाशाच्या फडांतून आणि गोंधळ्यांच्या संबळातून उचललेल्या. म्हणून नव्या गायकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की चाल स्वतःची बांधा, नाहीतर ओवी, पोवाडा, भलरी, वासुदेव यांच्याकडे जा. त्या चालींवर कोणत्याही कंपनीचा शिक्का नाही.

तमिळनाडूतील अरिवू या तरुण कवी-गायकाचे उदाहरण प्रत्येक होतकरू गायकाने लक्षात ठेवावे. कास्टलेस कलेक्टिव्हमधूनच पुढे आलेला हा कलावंत. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले आणि जगभर ऐकले गेले. चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणी त्याने त्यात ओतल्या होत्या. ते निघाले होते मोठ्या कंपनीकडून नव्हे, तर स्वतंत्र कलावंतांसाठी म्हणून सुरू झालेल्या मंचाकडून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव झाला, तेव्हा त्यावर अरिवू नव्हता. टीका झाल्यावर त्याला वेगळे मुखपृष्ठ मिळाले. आणि २०२४ मध्ये या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की तिघाही कलावंतांना या गाण्यातून काही मिळालेले नाही. संबंधित संस्थेने आपली बाजू वेगळी मांडली. तो वाद आम्ही येथे सोडवू शकत नाही. एवढे मात्र दिसते की ‘स्वतंत्र’ अशी पाटी लावल्याने हिशेबाची वही आपोआप उघडी होत नाही.

कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा बराच उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीत लिहिले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच वैध ठरते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतील समान वाटा सोडून देता येत नाही. तशी सही घेतली तरी ती टिकत नाही. कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क तर सर्व हक्क विकल्यावरही उरतो. आणि हे संरक्षण कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते, म्हणजे वामनदादांची गीते २०६४ अखेरपर्यंत कायद्याच्या छत्राखाली आहेत. ज्या घटनाकाराने आपल्याला कायद्याची भाषा शिकवली, त्याची गाणी गाणाऱ्यांनीच कोऱ्या कागदावर सह्या कराव्यात, हे शोभत नाही.

यावर एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो प्रामाणिक माणसांकडून ऐकला आहे. चळवळीचे गाणे विकायचे का? बाबासाहेबांच्या नावावर पैसा मागायचा का? या प्रश्नाला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, वर्गणी घेतली जात होती, तरीही ते चालवणे जमले नाही. १९२७ मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये थांबले, त्यामागेही पैशाची चणचण होती. बाबासाहेबांनी वाचकांना वर्गणीची आठवण करून देताना संकोच केला नाही. पत्र चालवायचे तर कागद, शाई आणि कामगार यांचे मोल द्यावेच लागते हे त्यांना ठाऊक होते. मग ढोलकीच्या पुडीला आणि गायकाच्या मुलांच्या फीला मोल नाही काय? फुकट गायला लावणे हे मिशन नव्हे. वेठबिगारीविरुद्ध जी चळवळ लढली, तिनेच आपल्या कलावंताला ‘समाजासाठी एवढे करा’ म्हणून वेठीला धरावे, यात आम्हाला तरी विसंगती दिसते. शिवाय ज्याचे घर बिदागीवर चालत नाही तो उद्या कोणा पुढाऱ्याच्या प्रचारफेरीत गाणार. तेव्हा त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. कंपनीच्या शेठपासून सुटून पुढाऱ्याच्या दारी बसणे हे स्वातंत्र्य आम्हाला मान्य नाही.

व्यासपीठावर नोटा उधळून, प्रत्येक शंभर रुपयांचे नाव पुकारून गायकाला देणे ही पद्धतही आता थांबावी. त्यात देणाऱ्याचे नाव गाण्यापेक्षा अधिक वेळा घेतले जाते. सुपारी घेताना निम्मी रक्कम, कार्यक्रमापूर्वी उरलेली, आणि वादकांची स्वतंत्र नोंद, एवढा साधा रिवाज मंडळांना अवघड नाही. सुपारीच्या कागदावर गायकाबरोबर गीतकाराचेही नाव लिहावे. गाण्याचे शेवटचे कडवे गाऊ द्यावे.

आपल्या संस्थेपुरते बोलायचे तर माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, ध्वनियंत्रणेचा व्यवसाय करणारे आहेत. त्यांतील दोघा-तिघांनी वर्षातून एक दिवस दिला तर परिसरातील गायकांचे करार वाचून देण्याचे काम होऊ शकेल. रविवारी रिकामी असणारी संगणक कक्षातील खोली थोड्या खर्चात ध्वनिमुद्रणायोग्य करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या वृद्ध गायकांची गाणी तेथे नाव, गाव आणि तारखेसह मुद्रित करावीत आणि त्यांची प्रत गायकाच्याच हाती द्यावी. ग्रंथालयात जुन्या गीतांच्या पुस्तिकांसाठी एक कपाट मोकळे करून ठेवले आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या वह्या, फाटक्या पुस्तिका किंवा कॅसेट असतील त्यांनी त्या सुटीत मुलांबरोबर पाठवाव्यात. पोच दिली जाईल आणि मूळ वही परत केली जाईल.