शंकरपटांतील मुका पक्षकार

पोळ्याच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं आपल्या नांदेड-लातुराकडील शेतकरी बैलांचे खांदे हळद-लोण्यानें मळतो आणि उद्यां जेवावयास येण्याचें आवतण त्यांस देतो. ज्या खांद्यांनीं वर्षभर जूं वाहिलें, त्यांचें ऋण मान्य करण्याची ही रीत फार सुंदर आहे. परंतु शर्यतीच्या मैदानावर असाच एखादा धनी उभा राहिला, कीं त्याच्या हातीं कधीं कधीं खिळा बसविलेली पराणी दिसते. मळणारा हात खरा, कीं टोंचणारा? या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं मिळून करावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

हलक्या गाडीस बैलजोडी जुंपून ती नेमलेलें अंतर किती वेळांत तोडते हें पाहण्याच्या खेळास विदर्भांत व त्याच्या शेजारच्या आपल्या भागांत शंकरपट म्हणतात. पुण्याकडे याच जातीच्या खेळास बैलगाडा शर्यत हें नांव आहे. या खेळाचा वाद गेलीं कांहीं वर्षें न्यायालयांत गाजला. ज्यांचे जाहीर खेळ करतां येत नाहींत अशा प्राण्यांच्या यादींत केंद्र सरकारनें 11 जुलै 2011 रोजीं बैलाचा समावेश केला. आणि 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. पुढें 2017 सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यांत दुरुस्ती करून शर्यतींस वाट मोकळी केली. पण त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें ती अडविली. अखेरीस 16 डिसेंबर 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींसह परवानगी दिली व 18 मे 2023 रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें दुरुस्तीचा कायदा वैध ठरविला. कायद्याचा प्रश्न असा सुटला. मनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं.

शर्यतीच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें हंसण्यावारीं नेण्याजोगें नाहीं. गांवच्या यात्रेंत पट भरला म्हणजे चार पैसे दुकानदारास मिळतात, दूरचे सोयरे भेटतात आणि कोरडवाहू शेतीनें पिचलेल्या माणसास एक दिवस ताठ मानेनें मिरवितां येतें. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे धांवतात, त्यांवर पैसे लागतात, तें शिष्टसंमत. मग आमच्याच खेळावर डोळा कां, असें खेड्यांतला माणूस विचारतो. त्याच्या या प्रश्नांत दुःख आहे व तें खरें आहे. तथापि शेजाऱ्याच्या घरचा दोष आपल्या घरच्या दोषास पांघरूण होऊं शकत नाहीं.

उलट पक्षीं भूतदयावादी म्हणतात, कीं बैल हा ओझें ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा धांवणारा नव्हे. तो धांवतो तो हौसेनें नव्हे, तर मागच्या भयानें. 2014 च्या निकालांत न्यायालयानेंही हाच विचार मांडला होता. हें म्हणणें सबळ आहे. पण तें मांडणाऱ्यांतील कित्येकांनीं दुष्काळांत कडब्याच्या पेंढीसाठीं वणवण करणारा शेतकरी पाहिलेला नसतो. म्हणून त्यांची दया गांवास परकी वाटते.

आतां तिसरा मुद्दा, जो आपल्या दोन जिल्ह्यांस विशेष लागू आहे. शर्यती बंद झाल्या तर देशी बैलांची जात बुडेल, असें सांगितलें जातें. जात ओसरत आहे ही गोष्ट खरी. 2012 च्या मानानें 2019 च्या पशुगणनेंत देशांतील नर गोवंश सुमारें 30 टक्क्यांनीं घटलेला आढळला. परंतु शेतांत ट्रॅक्टर आल्यानें बैलाचें काम गेलें, हें याचें मोठें कारण आहे. शिवाय शर्यतींत ज्याचा बोलबाला, तो मुख्यतः सोलापूर-सातारा-सांगलीकडील खिलार. आपला लाल कंधारी आणि आपला देवणी यांची कीर्ति वेगानें झालेली नाहीं. लाल कंधारीनें नांगर ओढून नांव कमाविलें. देवणीनें तर नांगरही ओढला व दूधही दिलें. कंधार आणि देवणी या आपल्याच गांवांचीं नांवें त्यांस मिळालीं आहेत. त्यांस राखावयाचें असेल तर त्याचा मार्ग लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत दिसतो. तेथें पशुप्रदर्शन भरतें, जातिवंत जनावरास बक्षीस मिळतें आणि त्याकरितां कोणासही पराणी उगारावी लागत नाहीं.

मग पट बंदच करावा काय? माझें मत तसें नाहीं. घटनापीठानें परवानगी दिली ती छळास नव्हे, छळाविना होणाऱ्या खेळास. राज्याच्या नियमांप्रमाणें धांव 1000 मीटरांहून लांब असूं नये, पशुवैद्यानें बैल तपासावेत, काठी, चाबूक वा विजेचा धक्का वापरूं नये. नियम मोडणारास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण मैदानावर हजारों माणसें लोटलीं असतां एका शिपायाच्या डोळ्यांनीं हें सारें कसें पाहिलें जाणार? म्हणून गांवानेंच दोन गोष्टी ठरवाव्यात. ज्या जोडीस पराणी लागली ती पहिली आली तरी बाद समजावी, आणि धांवेनंतर ज्या बैलांच्या अंगावर एकही वळ नाहीं त्यांच्या धन्यास वेगाच्या बक्षिसाहून मोठें बक्षीस द्यावें. मान बदलला म्हणजे हात आपोआप बदलेल.

विद्यार्थिमित्रहो, या वादांत मालक बोलतो, व्यापारी बोलतो, पुढारी बोलतो, वकील बोलतो. ज्याच्या पाठीवर हा सारा खेळ चालतो तो पक्षकार तेवढा मुका आहे. तुम्ही मैदानाच्या कडेला उभे असतांना पराणी उगारली गेली आणि तुम्हीं आरोळी ठोकली, तर ती पराणी अर्धी तुमच्याही हातांत असते. पण तेवढ्याच वेळीं दहा मुलें गप्प राहिलीं व एकानें धीर करून "काका, मारूं नका" असें म्हटलें, तर कायद्याच्या दहा कलमांचें काम होईल. पुढच्या पोळ्यास बैलाचा खांदा मळतांना त्याच्या पाठीवरूनही एकदां हात फिरवा. तेथें जुना व्रण लागला नाहीं, तरच त्यास दिलेलें आवतण खरें समजा.