मूषक आणि मोटार

गणपतीचें वाहन उंदीर, हें आपण बाळपणापासून ऐकत आलों. परंतु खुद्द आपल्या वाहनांत उंदरानें बिऱ्हाड थाटावें, हा प्रकार अलीकडचा. घरोघर मोटारी झाल्या, त्या चालण्यापेक्षां उभ्याच अधिक राहूं लागल्या, आणि मूषकराजांना एक कोरडी, अंधारी व उबदार जागा आयती मिळाली. यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांकडून या विषयावर दिवाळीपासून पत्रें येत आहेत. त्यांतील दारव्ह्याच्या एका भगिनीचें पत्र इतकें बोलकें आहे, कीं त्याचा सारांश देऊनच आरंभ करितों.

या भगिनीचें कुटुंब मोठें. तीन भाऊ एकत्र, घरची शेती, थोरल्यांची वकिली. दिवाळी झाल्यावर एका लग्नाकरितां बहुतेक मंडळी पुण्यास गेली, व घरीं सासू-सासरे आणि धाकटे दीर एवढेच राहिले. मोटार मागील छपरींत तीन आठवडे उभी होती. एका बाजूस सोयाबीनचीं पोतीं, दुसऱ्या बाजूस गाईकरितां आणलेली सरकीची ढेप. एके रात्रीं मामंजींना एकाएकीं श्वास लागला. भावोजींनीं धांवत जाऊन किल्ली फिरविली, तों मोटार हूं कीं चूं करीना. अखेर १०८ ची रुग्णवाहिका आली, मामंजी वेळेवर रुग्णालयांत पोंचले, व आतां त्यांची प्रकृति ठीक आहे. पण त्या पाऊण तासांत सासूबाईंनीं किती वेळां दाराबाहेर येऊन रस्ता पाहिला, हें सांगतांना पत्रांतील अक्षरहि हललेलें दिसतें. दुसऱ्या दिवशीं मेकॅनिकनें बॉनेट उघडलें. इंजिनाच्या वायरी ठिकठिकाणीं कुरतडलेल्या, आणि बॅटरीच्या मागें कापूस, चिंध्या व कागदाचे कपटे यांचें घरटें. त्यांत डोळे न उघडलेलीं पांच पिलें.

आतां घरांत तीन पक्ष झाले आहेत. भावोजी म्हणतात, विष घालूं. सासूबाई म्हणतात, गणपतीच्या वाहनाला या घरांत विष घालावयाचें नाहीं. जाऊबाईंनीं कोणासहि न विचारतां डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी इंजिनाला बांधून टाकली आहे. “आम्हीं कोणाचें ऐकावें?” असा भगिनींचा प्रश्न आहे. सासूबाईंचें ऐकावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र त्यास त्यांच्या श्रद्धेखेरीज दुसरींहि कारणें आहेत.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. उंदीर मोटारींत येतो तो वायर खाण्यासाठीं नव्हे. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात व ते झिजविण्यास त्याला कांहीं ना कांहीं कुरतडावें लागतें, हें खरें. पण त्यासाठीं घरांत लांकूड पुष्कळ असतें. तो येतो आसऱ्याला. मोटारीचें पोट खालून उघडें असतें. चाकावर चढलें कीं इंजिनाशीं पोंचतां येतें. फिरून आलेलें इंजिन कित्येक तास उबदार राहतें. तेथें मांजराचा पंजा पोंचत नाहीं, घुबडाची दृष्टि पोंचत नाहीं. मग राहतां राहतां दांतांसमोर जें येईल तें कुरतडलें जातें. घरांतील लहान उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारें तीन आठवड्यांत वितें, आणि तिचीं पिलें दीड-दोन महिन्यांचीं झालीं कीं स्वतःचा संसार मांडूं शकतात. तीन आठवडे उभ्या मोटारींत पांच पिलें सांपडलीं, यांत नवल तें काय?

सोयाबीनचा एक वाद येथें सांगण्याजोगा आहे. हल्लींच्या कांहीं मोटारींच्या वायरींचें वेष्टण सोयाबीनपासून काढलेले पदार्थ वापरून करितात, आणि म्हणून उंदीर त्यांस भुलतात, असे दावे अमेरिकेंतील ग्राहकांनीं २०१६ च्या सुमारास मोठ्या मोटार-कंपन्यांवर लावले. होंडा कंपनी तर मिरचीचा तिखट अंश लावलेली चिकटपट्टी वायरींभोवतीं गुंडाळण्यास विकते. परंतु सोयाबीनचा अंशहि नसलेल्या जुन्या मोटारींच्या वायरी उंदरांनीं पूर्वीहि कुरतडल्याच आहेत. शिवाय आमच्या जिल्ह्यांत मोटारीशेजारीं खरें सोयाबीन पोत्यांनीं भरलेलें असतांना त्याच्या वासाकरितां वायर शोधीत बसण्याइतका येथला उंदीर वेडा नाहीं!

खरें कारण त्या पोत्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यांतील पुष्कळ लोक घरें सोडून बाहेर राहूं लागले. धान्य मात्र घरांतच राहिलें. बंद घर, आंत दाणा, आणि माणसाची चाहूल नाहीं. उंदीर बेसुमार वाढले, आणि १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हां जाणकारांनीं या दोहोंचा संबंध दाखवून दिला. कित्येक दिवस न हालविलेली मोटार म्हणजे तसेंच एक लहानसें बंद घर होय. त्याच्या शेजारीं दाणा ठेवला, कीं सारी सिद्धता झाली.

यवतमाळकडे हा उपद्रव कोणत्या दिवसांत वाढतो, तें पाहिलें म्हणजे हीच गोष्ट पटते. सप्टेंबरअखेर सोयाबीन कापणीस येतें, दिवाळीच्या आगेंमागें कापसाची वेंचणी चालते, डिसेंबर-जानेवारींत तूर निघते. शेतें मोकळीं होत जातात, थंडी पडते, आणि शेतांतला उंदीर धुऱ्यावरून गंजीकडे, गंजीवरून गोठ्याकडे सरकतो. आमच्या वाड्यांतून मागील बाजूस कुटाराची खोली, पऱ्हाट्यांचे व तुऱ्हाट्यांचे भारे, ढेपेचीं पोतीं आणि मोटार यांची एकच छपरी असते. तेव्हां पहिला उपाय मोटारींत नाहीं, छपरींत आहे. मोटार एकीकडे व धान्य-ढेप दुसरीकडे करावी. पोतीं भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर वीतभर उंच रचावीं, म्हणजे खालीं झाडतां येतें. ढेप पत्र्याच्या झांकणाच्या पिंपांत ठेवावी. सरपणाचे भारे मोटारीच्या चाकांस टेकवूं नयेत. लहान उंदीर शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटींतूनहि आंत शिरतो, म्हणून दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीनें बुजवावी. भिंतींतील भोंकांत तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट लिंपावें, आणि झरोक्यास पाव इंचाहून मोठीं भोकें नसलेली जाळी लावावी. चिचुंद्री दिसली तर मात्र तिच्या मागें लागूं नये. ती उंदराच्या जातीची नाहीं, किडे-झुरळें खाऊन आपलें कामच करिते.

मोटारीपुरतें पथ्य थोडकें आहे. दोन-तीन दिवसांआड ती खरोखरच चालवून आणावी. जागेवर नुसतें इंजिन सुरू करून भागत नाहीं, आणि बंद छपरींत तर तें घातक आहे, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. गांवाला जातांना किल्ली शेजाऱ्याजवळ देऊन जावी. बॉनेट आठवड्यांतून एकदां उघडून लेंड्या, कपटे, कापूस कांहीं दिसतें काय, तें पाहावें. घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास हें काम नेमून द्यावें, तो तें आनंदानें करितो. छपरी चांगली बंद होत असेल, तर रात्रीं बॉनेट उघडें ठेवण्याची जुन्या चालकांची रीत वाईट नाहीं. ऊब व अंधार दोन्ही जातात. पुढील कांचेच्या बुडाशीं जी हवा आंत घेण्याची जागा असते, तेथें मेकॅनिककडून बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी, कारण उंदीर बैठकीच्या भागांत येतो तो बहुधा याच वाटेनें. आणि मोटारींत खाण्याचा कणहि राहूं देऊं नये. मुलांच्या चिवड्याचें आपल्या ध्यानांत असतें. दसऱ्याला वाहनपूजेंत वाहिलेल्या अक्षता, नारळाचे तुकडे व झेंडूची माळ मात्र तशीच राहते. कळंबच्या चिंतामणीचें दर्शन घेऊन परतलेल्या मंडळींचा प्रसादाचा पुडा समोरच्या खणांत आठ-आठ दिवस असतो. आणि त्या प्रसादावर आपलाहि हक्क आहे, असें उंदरास वाटल्यास दोष कोणाचा?

आतां विषाविषयीं. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत याच जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले, आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. बाटलींतील विष कोणाच्या अंगांत जाईल, हें बाटली उघडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं, हें आम्हांस दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाहीं. झिंक फॉस्फाइड पोटांतील आम्लाशीं मिळून विषारी वायु सोडतें, आणि त्यावर उतारा नाहीं. पिवळ्या फॉस्फरसचें मलम पावाला लावलेलें पाहून लहान मूल तें सहज तोंडांत घालतें. पहिल्या दिवशीं फारसें कांहीं दिसत नाहीं, आणि मग यकृत निकामी होऊं लागतें. ब्रोमॅडिओलोन या औषधानें रक्त गोठेनासें होऊन उंदीर मरतो, पण चार-पांच दिवसांनीं, आणि बहुधा मोटारीच्या हवेच्या नळींतच. पुढें महिनाभर त्या दुर्गंधींत बसावें लागतें. तो अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडानें वा मांजरानें खाल्ला, तर आपला फुकटचा राखणदारहि जातो. धान्यांत घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मोटारींत किंवा निजण्याच्या खोलीजवळ ठेवणें म्हणजे तर माणसें मारणेंच होय. भावोजींनीं रागावूं नये; ज्या अंगणांत मुलें रांगतात, तेथें आम्ही हा सल्ला कोणासहि देणार नाहीं.

जाऊबाईंच्या डांबराच्या गोळ्याहि काढून टाकाव्या. त्यांची वाफ पंख्यावाटे बैठकींत येते, आणि कांहीं तान्ह्या मुलांच्या रक्तास ती अपायकारक असते. तंबाखूचीं पानें, पेपरमिंटचा अर्क यांचा वास चार दिवसांत उडतो व उंदीर त्यास सरावतो. तापलेल्या धुराड्यावर वाळलेलीं पानें पडलीं तर आगीची भीति निराळीच. न ऐकूं येणारा आवाज काढून उंदीर पळविणारीं म्हणून जीं यंत्रें मिळतात, त्यांच्या साठाहून अधिक उत्पादकांस व विक्रेत्यांस, तुमच्या जाहिरातींना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २००१ सालींच दिली होती. पैसे जाळीवर खर्च करावे.

इतकें करूनहि आंत शिरलेला उंदीर काढावयाचा असेल, तर पिंजरा. तो मोटारींत न ठेवतां छपरीच्या भिंतीच्या कडेला ठेवावा, कारण उंदीर कडेकडेनें चालतो. नव्या वस्तूचा त्यास संशय येतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस दार बांधून ठेवून आंत शेंगदाणे किंवा तेल लावलेला पोळीचा तुकडा ठेवावा, व मग दार मोकळें करावें. सांपडलेला उंदीर शेजाऱ्याच्या शेतांत सोडून पुण्य मिळविण्याची चाल आम्हांस मान्य नाहीं. मारणेंच भाग पडलें, तर तत्काळ मिटणारा चाप बरा. चिकट पुठ्ठ्यावर तो जीव दिवसभर तडफडत ठेवणें कोणत्याहि घरांत शोभत नाहीं.

घरटें सांपडल्यास केरसुणीनें कोरडें झाडूं नये. हातमोजे घालून, नाकावर कापड बांधून, लेंड्यांवर साबणाचें किंवा ब्लीचिंगचें पाणी शिंपडून दहा मिनिटांनीं पुसून घ्यावें. उंदराच्या मुत्रानें लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावल्यानें स्क्रब टायफस होतो, आणि २०१८ च्या पावसाळ्यांत नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येनें आढळले. ताप आला व अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांस उंदराच्या घरट्याची हकीकत अवश्य सांगावी. मोटारीपाशीं पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ब्रेकचा पाय नेहमींपेक्षां खोल जात असेल, तर ती मुळींच चालवूं नये. मेकॅनिकला घरीं बोलवावें.

शेवटीं विम्याचें. केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता जो सक्तीचा विमा असतो, त्यांत स्वतःच्या वायरींची भरपाई मिळत नाहीं. सर्वंकष विम्यांत ती मिळूं शकते, पण अटी निरनिराळ्या असतात. म्हणून पॉलिसीचा कागद आजच उघडून पाहावा. दुरुस्तीपूर्वीं कुरतडलेल्या भागाचीं छायाचित्रें काढावीं, कंपनीस कळवावें, आणि तिचा माणूस पाहून जाईपर्यंत तुटक्या वायरी फेंकून देऊं नयेत.