जीपची बॅटरी : आधी तपासा, मग बदला



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, खते, पाणी यांवर पुष्कळ लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण आता अनेक सभासदांच्या दारात उभ्या असलेल्या एका वस्तूबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. ती म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हची जीप. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीतून जिथे बैलगाडीसुद्धा रुतते, तिथून ही गाडी निघते, म्हणून आपण ती घेतली, चैनीसाठी नव्हे. बेणे, औषध, मोटारीचे सामान, दवाखान्याचा पेशंट, सगळे तिच्यातूनच जाते. अशा गाडीची बॅटरी गेली म्हणजे आपण काय करतो आणि काय करायला हवे, याबद्दल आज चार शब्द सांगायचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. शेजारच्या मळ्यात उसाला पाणी देताना गड्याच्या पायाला साप चावला. निरोप आला तशी आम्ही जीपची चावी फिरवली. सेल्फने एकदा ‘कट्’ असा आवाज केला आणि तो गप्प झाला. गाडी दीड-दोन टनांची, खाली चिखल. चौघांनी रेटली, हलली नाही. पलीकडच्या वस्तीवरून दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. गडी वाचला, ही देवाची आणि डॉक्टरांची कृपा. पण तो पाऊण तास आम्ही विसरलेलो नाही.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. ती बॅटरी घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. आधीची बॅटरी “संपली” असे दुकानदाराने सांगितले, आम्ही मान डोलावली आणि सात-आठ हजार रुपये मोजले. आता मेस्त्रीने पाहिले तर नवी बॅटरी ठणठणीत! इंजिनपासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून सैल झाली होती. म्हणजे पहिली बॅटरीही कदाचित चांगलीच असावी. दोष पट्टीचा, दंड आम्हाला, आणि बेतले गड्याच्या जिवावर!

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, बॅटरीची निवड दुकानात सुरू होत नाही, ती गाडीपाशी सुरू होते. तपासल्याशिवाय बॅटरी बदलू नये. आणि बदलायचीच झाली तर नुसता वॉरंटीच्या महिन्यांचा आकडा पाहून बदलू नये.

तपासणे काही अवघड नाही. चार-पाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा पाहा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे येत नसतील तर डायनामो, पट्टा किंवा वायरिंग यांत दोष आहे. नवी बॅटरी घातली तरी तीही चार दिवसांत बसेल. टोपणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही खाने तपासावेत. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२६० च्या आसपास आकडा येतो. पाच खाने ठीक आणि एक फारच खाली असेल, तर तो खाना मेला असे समजावे. तेव्हा मात्र बॅटरी बदलण्याला इलाज नाही.

पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती थकली, असे धरायला हरकत नाही. पण त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, नटबोल्ट आवळा, अर्थिंगची पट्टी पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

कुणी म्हणेल, “पूर्वी एवढे कोण बघत होते? जीप ढकलली की चालू व्हायची.” खरे आहे. जुन्या डिझेल जीपचा पंप यांत्रिक होता. इंजिन एकदा फिरले की काम झाले. नव्या कॉमन-रेल इंजिनात डिझेल फवारण्याचा हुकूम कॉम्प्युटर देतो. त्याला पुरेसे व्होल्टेज मिळाले नाही तर दहा माणसांनी ढकलूनही उपयोग नाही. शिवाय फोर-व्हीलची गाडी आपण नेतो ती नेमकी अशा जागी, की जिथे ढकलायला घट्ट जमीनही नसते आणि माणूसही नसतो. म्हणून या गाडीच्या बॅटरीत हयगय चालत नाही.

आता निवडीविषयी. पहिली गोष्ट बॅटरीच्या जातीची. घरात इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे, तीच जीपला लावू, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तसे करू नये. इन्व्हर्टरची बॅटरी हळूहळू, तासन्‌तास वीज देण्यासाठी केलेली असते. सेल्फला हवा असतो काही सेकंदांचा जबर झटका. त्यासाठी पातळ आणि जास्त प्लेटा लागतात. उलट जीपची बॅटरी इन्व्हर्टरला लावली तर पुरती रिकामी होऊन होऊन ती लवकर मरते. सिग्नलला थांबल्यावर आपोआप बंद-चालू होणारी नवी गाडी असेल, तर तिला मुळात जी खास जात बसवली होती तीच घ्यावी. तिथे साधी बॅटरी टिकत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. बॅटरीवर ‘७५डी३१एल’ अशासारखे अक्षर-आकडे इंग्रजीत छापलेले असतात. त्यातला ३१ म्हणजे लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर, ‘डी’ हा रुंदी-उंचीचा वर्ग, आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. पुढचा ७५ हा ताकदीचा दर्जा आहे. तो सरळ अँपिअर-अवर म्हणून वाचू नये. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, मग कुणीतरी ताणून बसवतो, आणि प्लस-मायनस उलटे झाले तर डायनामो आणि कॉम्प्युटर दोन्ही जळायची भीती. बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे आणि वरची पट्टी घट्ट आवळता आली पाहिजे. आपल्या रस्त्यांवर हादरे किती बसतात ते वेगळे सांगायला नको. सैल बॅटरीच्या प्लेटांवरचा लेप हादऱ्यांनी गळतो आणि दोन वर्षांची बॅटरी वर्षात जाते.

तिसरी गोष्ट ताकदीची. ७० अँपिअर-अवर म्हणजे साडेतीन अँपिअर वीज वीस तास. हा झाला साठा. झटक्याचा आकडा ‘सीसीए’ या नावाने वेगळा दिलेला असतो. तो उणे १८ अंश तापमानावरचा असतो, आणि आपल्याकडे तेवढी थंडी कुठून येणार! तरी दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांपेक्षा कमी घेऊ नये. जास्तीचे दिवे लावले असतील तर ट्रेमध्ये बसेल अशी थोडी वरची घ्यावी. पण फार मोठी बॅटरी म्हणजे फार चांगली, हा गैरसमज आहे. आपल्याकडे बॅटरीचा शत्रू थंडी नसून उष्णता आहे, आणि मोठ्या आकड्याने ती कमी होत नाही.

चौथी गोष्ट जन्मतारखेची. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, मग बॅटरीची का बघू नये? दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि प्लेटांवर खडे धरतात. उत्पादनाचा महिना कुठे छापला आहे ते दुकानदाराला दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सहा महिने चार्जिंगशिवाय पडलेली असेल तर नको म्हणा.

आता वॉरंटी. ‘४८ महिने’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्यात २४ महिने बदलून आणि पुढचे २४ महिने प्रमाणात सूट, असा भाग असू शकतो. ती सूट पुष्कळदा छापील किमतीवर धरतात, आणि आपण घेतो त्याहून कमी भावाने. तेव्हा हातात फारसे काही पडत नाही. फुकट बदलून मिळण्याचे महिने किती, एवढेच विचारा. कार्डावर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

घेतल्यावरही लक्ष हवे. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ज्या बोअरच्या पाण्याने आपल्या जमिनी क्षारपड झाल्या, ते बॅटरीला कसे चालेल? पाणी घालताना बिडी नको, आत निघणारा वायू पेट घेतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा. नुसती ५० मिलिअँपिअर गळती असली तरी महिन्यात ३६ अँपिअर-अवर, म्हणजे सत्तरच्या बॅटरीतला निम्मा साठा जातो. आणि उसाच्या ट्रकवरून जीप चालू करण्याचा प्रयोग कधीही करू नका. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, जीपला १२.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, हेही आम्ही मुद्दाम सांगतो. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते. ओढ्याकाठी फोडली की आम्ल आणि शिसे पाण्यात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाने कायमची इजा होते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी घेऊन किंमत कमी करतो, तीच वाट बरी.

शेवटी एक सूचना. आपल्या कारखान्याच्या वाहन विभागात बॅटरीचा लोड टेस्टर, मीटर आणि हायड्रोमीटर ठेवावा, आणि गळीत हंगामापूर्वी एक-एक दिवस प्रत्येक गट कार्यालयावर सभासदांच्या जीप व ट्रॅक्टर तपासून द्यावेत. ज्यांना खरोखरच नवी बॅटरी हवी असेल, त्यांची नावे घेऊन एकत्र खरेदी करावी. पंचवीस जणांनी मिळून मागितले तर भावही मिळेल आणि ताजा मालही मिळेल. खर्च फार नाही. संचालक मंडळाने याचा विचार करावा, आणि सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय जरूर काढावा.

खंडेनवमीला आपण गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी बॉनेट उघडा, मीटर लावा, पट्टी आवळा. रात्री-अपरात्री कुणाचा निरोप येईल ते सांगता येत नाही. तेव्हा चावी फिरवली की गाडी चालू झाली पाहिजे.

जय किसान! जय सहकार!